पाणपक्ष्यांच्या पोटातल्या कृमींचीही नोंद हवी

महोदय,

फ्लेमिंगो पाहायला ऐरोलीच्या खाडीकिनारी गर्दी होते. चिखलात चोच खुपसत फिरणारे चिखले, तुतारी, पाणटिवळे या किनारपक्ष्यांकडे मात्र फारसे कुणी बघत नाही. त्यांच्या आतड्यातल्या कृमींचे तर नावच नको! पण अशा किनारपक्ष्यांत कृमींच्या नव्या प्रजाती आजही सापडतात. जेमतेम काही मिलिमीटरचा जीव कार्मिन या लाल रंगाने रंगवून काचपट्टीवर चढवायचा, फीतकृमीच्या (फितीसारख्या चपट्या कृमीच्या) डोक्यावरचे हुकासारखे आकडे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, त्यांची लांबी मायक्रोमीटरमध्ये नोंदवायची आणि मूळ नमुना संग्रहालयात ठेवायचा, असे हे चिकाटीचे काम.

किळस वाटली तरी ते महत्त्वाचे आहे. पर्णकृमीची (पानासारख्या चपट्या कृमीची) अंडी विष्ठेतून चिखलात पडतात, अळ्या गोगलगायीत वाढतात, मग अनेकदा खेकड्यात किंवा शिंपल्यात शिरतात आणि तो पक्ष्याने खाल्ला की पुन्हा त्याच्या पोटात. एक दुवा तुटला की कृमी संपला. कॅलिफोर्नियातल्या कार्पिंटेरिया खाजणाच्या पुनरुज्जीवनानंतर गोगलगायींतले कृमी वाढलेले आढळले, म्हणजे ही साखळी पुन्हा जुळू लागली होती.

ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला. मांज्यात अडकून किंवा तारांना धडकून मेलेल्या पक्ष्यांच्या शवविच्छेदनात सापडणारे कृमी अल्कोहोलमध्ये जपून इथल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना मिळावेत. त्यासाठी एकही पक्षी मारावा लागणार नाही. वनविभागाने परवानगीची पद्धत तेवढी सुटसुटीत करावी.

– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई