विवराची फेरी आणि ज्योतिबाचा डोंगर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत केनियातल्या लाँगोनॉट पर्वतावरचा लेख वाचला. फोटो झकास आहेत. पण ‘नाश्ता करून निघा, ज्वालामुखीच्या विवराला फेरी मारा आणि दुपारच्या जेवणाला परत या’ हे वाक्य मी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि आमच्या सौ. पोहे ढवळायच्या थांबल्या. दोन वर्षांपूर्वी मुलाकडं नैरोबीला गेलो होतो, तेव्हा हाच डोंगर आम्ही चढलो. म्हणजे मी चढलो. सौ. विवराच्या काठापर्यंत आल्या आणि सावली बघून तिथंच बसल्या. शहाणपण त्यांचंच ठरलं.

लेखातले किलोमीटर बरोबर आहेत. फाटकापासून काठापर्यंत 3.1, काठावरची गोल फेरी 7.2 आणि उतरून परत तेवढंच. सगळं मिळून साडेतेरा धरा. रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारणाऱ्या माणसाला हा आकडा काही भिववत नाही. मलाही भिववला नाही, तिथंच फसलो. रंकाळा सपाट आहे. लाँगोनॉटचं फाटकच साधारण 2150 मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी पाचशे मीटर चढून गेलात, की तिथं तिकीट काढायचं आणि मग चालायला सुरुवात करायची! शिखर 2776 मीटरवर. ते फेरीच्या वाटेतच येतं आणि ती वाट सारखी चढते-उतरते, त्यामुळं नुसती वजाबाकी करून चढाई काढली तर हिशेब चुकतो. हवा विरळ, दर शंभर पावलांना धाप. पायाखाली ज्वालामुखीची राख. पावसानं तिच्यात कमरेएवढ्या घळी पाडलेल्या. चढताना एक पाऊल पुढं गेलं की अर्धं मागं येतं, आणि उतरताना तर माणूस बसूनच खाली येतो. चांगल्या चालणाऱ्याला विश्रांती धरून चार-पाच तास लागतात म्हणे. मला साडेसहा लागले.

म्हणून अशा सहलीचं नियोजन नाश्त्यापासून नव्हे, सूर्यास्तापासून उलटं करावं लागतं. हा डोंगर विषुववृत्ताला अगदी लागून. बारा महिने सूर्य सकाळी साडेसहाच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास मावळतो. आपल्याकडं मे महिन्यात दिवस सातच्या आसपासपर्यंत लांबतो, तसं तिथं नाही. सूर्य गेला की थोड्याच वेळात अंधार. नैरोबीहून अंतर नव्वद किलोमीटरच्या घरात, पण रस्त्यावर मालट्रकांची रांग लागली की ते नव्वद राहत नाहीत. आम्ही पहाटे साडेपाचला निघालो म्हणून उजेडात खाली उतरलो. मुलानं आधीच बजावलं होतं, ‘बाबा, एक वाजता जिथं असाल तिथून मागं फिरायचं. शिखर झालं असो वा नसो.’ चाळीस वर्षं पोरांना सहलीला नेलेल्या मास्तराला पोरानं शिकवावं, याचा तेव्हा जरा राग आला होता.

डोंगरावर पाणी नाही. झरा नाही, टाकं नाही. माणशी तीन लिटर खालूनच न्यायचं. सौं.नी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि इथून नेलेलं भडंग बांधून घेतलं होतं. भडंगाचा उपयोग शून्य. घसा कोरडा पडला की ते गिळवत नाही. दशम्या मात्र कामी आल्या. मार्च ते मे हा तिथला मोठा पाऊस आणि दिवाळीच्या सुमाराला धाकटा, तेवढे महिने टाळावेत. आणि लेखात एका अक्षरानंही नसलेली गोष्ट म्हणजे पीतज्वराची (यलो फीवरची) लस. केनियाहून परतणाऱ्याकडं तिचं प्रमाणपत्र नसेल तर आपल्याच विमानतळावर त्याला वेगळं ठेवू शकतात, आणि टोचल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं. आम्ही त्यासाठी मुंबईची एक खेप केली. एकदा टोचलं की जन्माचं काम होतं, हे बरं.

आता विवराबद्दल. काठावर पोचल्यावर आत लाव्हा दिसत नाही. दिसतं ते रान. भल्या मोठ्या काहिलीच्या तळाला कोथिंबीर पसरावी तशी ठेंगण्या झाडांची गच्च हिरवळ, आणि भोवतीच्या कड्यांतून कुठं कुठं वाफेची बारीक रेघ. रुळलेली वाट काठावरूनच फिरते, त्या रानात उतरत नाही. शेवटचा उद्रेक 1860च्या दशकात झाला असावा असं मानतात. 1857च्या उठावानंतर कोल्हापूरच्या राजघराण्यातल्या आपल्या चिमासाहेबांना इंग्रजांनी कराचीला धाडलं, त्यानंतर थोड्याच वर्षांत. एवढ्या अलीकडं पेटलेल्या कढईत आज पाखरं बोलतात, हे बघत मी अर्धा तास बसलो. साडेसहा तासांतला तेवढाच वेळ सत्कारणी लागला, असं आमच्या घरी म्हणतात. उतारावर खाली झेब्रे आणि जिराफ चरताना दिसले. रानरेडे आणि बिबटे असतात, पण दिसत नाहीत. दाजीपूरला गवा बघायला गेल्यावर आपलं जे होतं तेच.

लेखाच्या शेवटी मात्र एक वाक्य आहे, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. ‘असे मृत ज्वालामुखी आपल्याकडंही आहेत, ज्योतिबाचा डोंगर त्यातलाच.’ संपादक महाशय, तो त्यातला नाही. लांबून शंकूसारखा दिसतो एवढंच. आपला सह्याद्री लाव्ह्याचाच, यात शंका नाही. पण तो लाव्हा एखाद्या शंकूच्या तोंडातून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरत गेला. गगनबावड्याच्या घाटात कड्याकडं बघा, पायऱ्या दिसतील. या थरांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातला ट्रॅप हा स्वीडिश भाषेतल्या पायरीसाठीच्या शब्दावरूनच आलाय. पुढं पावसानं आणि नद्यांनी हे थर कोरत नेले आणि जे उरलं ते आपले डोंगर. ज्योतिबा हा असा उरलेला डोंगर आहे, विवर त्याला कधी नव्हतंच. पन्हाळ्यापलीकडचं मसाई पठार हेही त्याच थरांचं, वर जांभ्याचं टोपण. (लाँगोनॉट हे नाव केनियातल्या मसाई लोकांच्या भाषेतून आलंय. पठारावरच्या आमच्या मसाई देवीचा त्यांच्याशी संबंध नाही, हे कुणी विचारायच्या आत सांगून टाकतो.)

माझ्या नातीनं तो लेख कापून शाळेच्या प्रकल्पाच्या वहीत चिकटवलाय. पुढच्या रविवारी ज्योतिबाचं वाक्य तेवढं दुरुस्त करून छापावं, म्हणजे ते कात्रण तिच्याकडून त्याच्याखाली चिकटवून घेतो.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर