हळदीच्या गोदामातल्या मामांना

मामा, नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर तुम्ही ते घडी करून सदऱ्याच्या खिशात घातलं असतं आणि विषय तिथंच मिटवला असता. म्हणून असं चारचौघांत लिहितेय. नाव घालत नाही. "नाव छापून आलं की दुसऱ्या दिवशी चार जण उसनं मागाय येत्यात," अशी तंबी तुम्ही आधीच देऊन ठेवलीय.

काल आम्ही ऊसतोडीच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जाऊन आलो. आम्ही शिवलेल्या नऊ वाकळी (गोधड्या) आणि चौदा दुपटी, रिक्षाच्या दोन खेपा. तोडीची माणसं पहाटेच फडात गेलेली, मागं म्हाताऱ्या, पोरं आणि दोन ओल्या बाळंतिणी. त्यातल्या एकीनं दुपटं हातात घेतलं, उलगडायच्या आधी नाकाला लावलं आणि म्हणाली, "हळदीचा वास येतोय की!" आणि तसंच पोराभोवती गुंडाळलं. तेव्हा ठरवलं, रात्री बसून मामांना लिहायचं.

पण आधी थोडी जळजळ ओकते, म्हणजे पुढचं मनापासून लिहिता येईल.

वाकळ शिवायला काय लागतं? सुई, दोरा, जुनी सुती पातळं. हे सगळं घरोघर सापडतं. सापडत नाही ती जमीन. वाकळ पसरायची तर सात-आठ फूट लांब मोकळी, सपाट जमीन हवी आणि तिच्या चारी बाजूंनी बायकांना मांडी घालून बसायला जागा. पूर्वी सोपा होता, माडी होती, गेलाबाजार मारुतीच्या देवळाचा मंडप होता. आता फ्लॅटमध्ये सोफा, दिवाण, टीपॉय, टीव्हीचं कपाट. सासूबाई म्हणायच्या ते खरं: घर मोठं झालं, जमीन गेली.

म्हणून आम्ही एका सार्वजनिक हॉलमध्ये दर गुरुवारी दुपारी बसायचो. कुठला ते लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तीन वर्षं बसलो. हॉल आम्हीच झाडायचो, दिव्याचं बिल वेगळं द्यायचो. महिला दिनाला तिथल्याच मंडळींनी आम्हाला स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिला, "आपली परंपरा जपणाऱ्या भगिनी" वगैरे भाषण झालं, फोटो झाले. आणि दिवाळी झाल्यावरच्या पहिल्या गुरुवारी गेलो तर दाराला कुलूप. फोन केला तर उत्तर आलं, "तुमच्या चिंध्यांचा कचरा होतो. शिवाय आता हॉलला फरशी नवीन बसवायचीय." फरशी अजून जुनीच आहे, मी परवाच खिडकीतून बघून आले. आमची नऊ वाकळींची अर्धीमुर्धी कामं आतल्या कपाटात अडकली होती, ती बाहेर काढायला आठ दिवस आणि तीन माणसांच्या मिनतवाऱ्या लागल्या.

माझी भाची अमेरिकेत असते. तिथंही बायका अशा जमतात, त्याला गिल्ड म्हणतात. महिन्याची बैठक, मग एकेकीनं उभं राहून आपण काय शिवलं ते सगळ्यांना दाखवायचं. आणि गोलाकार बसून एकच गोधडी शिवण्याला त्यांच्यात जुना शब्द आहे 'बी', मधमाशीलाही तोच शब्द. तिकडं मधमाश्या, आणि इथं हॉलवाल्यांनी आम्हाला नुसत्या माश्या समजून हाकललं. असो.

कपाटातलं सामान मिळालं त्या दिवशी आम्ही अकरा जणी गाठोडी घेऊन भर उन्हात रस्त्यावर उभ्या होतो. कुणी म्हणे माझ्या गच्चीवर, कुणी म्हणे देवळात विचारू. तुम्ही सायकलवरून चालला होता. थांबलात, पाय टेकलात आणि विचारलंत, "काय वो ताई, कुणाचं लगीन हाय?" आम्ही हसलो, पण मला रडू येत होतं हे आज सांगते. काय झालं ते कुणीतरी सांगितलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "जमीन पायजे न्हवं? जमीन हाय की. चला."

मालकांना तुम्ही काय सांगितलंत, त्यांनी कसं हो म्हटलं, ते मी तेव्हाही विचारलं नाही. मार्केट यार्डात तुमची चाळीस वर्षं पोती उचलण्यात गेली, आता राखणीला बसता, एवढं मात्र पुढं गप्पांत कळलं. नवी हळद यायला संक्रांत उलटावी लागते, तोवर गोदामाचा मागचा खण मोकळाच असतो, हेही तुम्हीच सांगितलंत. सांगलीत जन्म गेला माझा. २०१८ साली इथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे खाल्ले होते. पण हळदीच्या गोदामात पाऊल पहिल्यांदा टाकलं ते त्या दिवशी.

आणि मामा, ती जमीन! तुम्ही तीनदा पाणी मारून घासली होती, तरी पाय ठेवला की तळवा पिवळा. पहिल्या दिवशी पसरलेल्या पांढऱ्या अस्तराला असा रंग चढला की आमच्यातली एक म्हणाली, "वाकळीला हळद लागली, आता मुहूर्त काढा." घरी नेऊन तिनं डाग साबणानं धुतला आणि तो लालभडक झाला. रात्री साडेदहाला मला फोन, रडकुंडीला आलेली. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला विचारायला आले तर तुम्ही पोत्यावरून उठलाही नाहीत. "साबणानं लालच हुतीय. उन्हात टाका, जातंय उडून." दोन दिवस उन्हात टाकली, गेलं उडून. वास मात्र राहिला.

पुढच्या खेपेला तुम्ही रिकामी पोती उसवून, जोडून, भलीमोठी ताडपत्रीसारखी चादर करून आधीच अंथरून ठेवली होती. तेही मोठंच काम. पण हे पत्र त्यासाठी नाही.

पत्र सुयांसाठी आहे.

आमच्यात आक्का आहेत. ७८ वर्षांच्या. २०१९ च्या महापुरात, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा (धोक्याची पातळीच ४५ फुटांची), त्यांचं गावभागातलं घर पहिल्या मजल्यापर्यंत बुडालं. पाणी ओसरल्यावर रस्त्यारस्त्यावर गाद्या-वाकळींचे ढीग पडले होते, तुम्हाला आठवत असेल. भिजलेली वाकळ दोघींना उचलत नाही आणि चौघींना पिळत नाही. लोकांनी सरळ कचऱ्याच्या गाड्यांत टाकल्या. आक्कांनी त्यांच्या सासूच्या हातची एक वाकळ टाकू दिली नाही. ती उसवली, एकेक थर वेगळा करून चिखल धुतला आणि पुन्हा शिवली. पाच थर होते, सगळ्यात आतला थर एका इरकली लुगड्याचा, रंग जसाच्या तसा. ती शिवायला आम्ही मदतीला बसलो, तिथूनच हा आमचा गट सुरू झाला.

आक्कांचा टाका म्हणजे तांदळाचा दाणा. कडेनं धाव दोरा घालत, चौकटीत चौकट करत आत यायचं, चार बाजूंना चार जणी. एकीनं जरी दोरा जास्त ओढला तरी वाकळ चुणते आणि मधे फुगा येतो. आक्कांच्या बाजूला फुगा कधी आला नाही.

दिवाळीच्या आधीपासून त्या गुरुवार चुकवायला लागल्या होत्या. गुडघा दुखतोय. पाहुणे आलेत. आज एकादशी. गुरुवारी एकादशी नव्हती, पण आम्ही काही बोललो नाही. गोदामात मी त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं. त्या पोत्यांच्या थप्पीला टेकून बसल्या. सुई एका हातात, दोऱ्याचं टोक दुसऱ्या हातात. टोक जिभेवर ओलं केलं, नेढ्याशी नेलं, चुकलं. पुन्हा ओलं केलं. पुन्हा. मग सुई पदराला टोचली आणि जणू तेच करायला आल्या होत्या अशा थाटात धडुत्यांच्या घड्या घालायला लागल्या. दुपारभर घड्याच. हे सगळं माझ्या हातभर अंतरावर झालं. मला दिसलं. पण मी बोलण्याच्या नादात होते, डोक्यात काही उजेड पडला नाही.

तुम्ही पलीकडं वजनकाट्यापाशी बसून दाभणानं फाटकी पोती शिवत होता. तुमची मान खालीच होती.

पुढच्या गुरुवारी आलो तर दारातच एका स्टुलावर पोत्याचा तुकडा, त्यावर सुया टोचलेल्या. सहाच्या चार ओळी. प्रत्येकीत दोरा ओवलेला, हातभर लांब, शेवटाला गाठ मारलेली. आम्ही बघतच राहिलो. तुम्ही आमच्याकडं न बघता म्हणालात, "निम्मा येळ तुमचा सुया ववण्यातच जातूय. म्हटलं, मला तरी काय काम हाय बसून." बास. कुणाला उद्देशून नाही, कुणाकडं बोट नाही.

सगळ्यांनी एकेक सुई उचलली. आक्कांनीही उचलली, सगळ्यांसारखीच. दोरा संपला की उठायचं, स्टुलापाशी जायचं, दुसरी घ्यायची. त्या दिवशी त्यांनी दिवेलागणीपर्यंत टाके घातले. तेव्हापासून एकही गुरुवार चुकला नाही. गुडघ्यालाही आराम पडला म्हणे.

आता विचार करा, मी असते तर काय केलं असतं? माझ्या लक्षात आलं असतं, तरी मी मोठ्यानं म्हणाले असते, "द्या आक्का, मी ओवून देते." अकरा जणींच्या देखत. आणि मदत केल्याच्या आनंदात घरी गेले असते. आक्का पुढच्या गुरुवारी आल्या नसत्या आणि मी पुन्हा गुडघ्यावर विश्वास ठेवला असता.

खरी गंमत चौथ्या गुरुवारी झाली. तुम्ही मोबाईल माझ्यापुढं धरलात, "ताई, ह्यो मेसेज काय आलाय बघा जरा." हात लांब करून, मान मागं नेऊनही तुम्हाला अक्षर लागत नव्हतं. मी मेसेज वाचला आणि मग सुयांकडं बघितलं. तुमच्याकडं बघितलं. तुम्ही काट्याकडं बघायला लागलात, जणू वजन करायचं राहिलंय.

"नात हाय सहावीत," शेवटी म्हणालात. "बुधवारी रातचा अभ्यास झाला की बसतीया. एका सुईला एक लिमलेटची गोळी." चोवीस सुया, चोवीस गोळ्या! मामा, त्या पोरीचे दात सांभाळा. ओवलेल्या सुया जेवणाच्या डब्यात घालून, गुंता होऊ नये म्हणून वर फडकं ठेवून, हरिपूरपासून सायकलवर तुम्ही आणत होता. हातभर दोरा हे मापही तिला तुम्हीच दिलंत, पोती शिवताना सुतळी जास्त घेतली की गुंता होतो तसं.

तुमचे वडील हरिपुरात पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, उतरायचे, ते तुम्ही एकदा सांगितलंत. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आधी दोरीनं कंदील सोडायचा. तो विझला तर आत हवा वाईट, थांबायचं. २००५ च्या पुरात बहुतेक पेवं गेली, तो कंदीलही गेला असेल. पण तुम्ही माणसाजवळ जाता ते तसंच, आधी कंदील सोडून. हे मला त्या दिवशी घरी जाताना रिक्षात सुचलं. तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही पोती मोजायला उठून गेला असता.

महापुरात आम्ही फोटो छापलेली मदतीची पाकिटंही घेतली आणि बिनफोटोची माणसंही बघितली. आमच्या गल्लीत बोट घेऊन आलेला एक पोरगा होता. शेजारच्या आजींना उतरवून घेतलं, बोट सुटली आणि आजी तोंडावर पदर धरून गप्प. त्यानं ओळखलं. बोट वळवली, परत जिन्यावर चढला आणि वाटीतली कवळी घेऊन आला. तो कोण, कुठला, कुणाला माहीत नाही. असली माणसं भेटली की हॉलवाल्यांचा राग निम्मा उतरतो. सगळा उतरत नाही, खोटं कशाला बोलू.

आता हळदीची आवक सुरू झाली, खण रिकामा करून दिलाच पाहिजे. काळजी करू नका. आक्कांच्या नातसुनेनं बैठकीतला सोफा गॅलरीत सरकवलाय, सध्या तिथं बसतोय. जरा दाटी होते. सुया आता आम्हीच ओवतो. आदल्या रात्री, आळीपाळीनं, तुमच्याच पोत्याच्या तुकड्यावर टोचून आणतो. आक्कांना यातलं काही सांगायची गरज पडलेली नाही. मात्र परवा त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मामांच्या नातीच्या गाठी बारीक असायच्या. तुमच्या जाड येतात." म्हणजे त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं. नात कधी कळली कुणास ठाऊक!

नातीसाठी आक्का एक छोटी वाकळ शिवतायत. हिरवा काठ, पोटात मऊ धडुती, कोपऱ्याला लिमलेटच्या गोळीच्या आकाराचं ठिगळ. हे तिला सांगू नका.

आणि एक राहिलंच. दुसऱ्या गुरुवारी तुम्ही मला मागच्या दाराची किल्ली दिली होतीत, "मी नसलो तर खोळंबा नको." ती अजून माझ्याच पर्समध्ये आहे. येत्या गुरुवारी यार्डात आणून देते. दुपारी चारच्या आत येईन, तुमचा चहा व्हायच्या आधी.

तुमची,
गुरुवारच्या वाकळवाल्यांपैकी एक, सांगली