मुलांच्या लेखकाला जगता येईल का?

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मुलांसाठी गोष्टी लिहिते. कथाकथनाला शाळांमध्ये गेले की एखादी मुलगी हमखास विचारते, "ताई, लेखक व्हायला काय करायचं?" तिला खरं उत्तर माझ्याच्याने देववत नाही. ते आपल्यापुढे मांडते.

भा. रा. भागवतांचंच पाहा. 1910 साली इंदूरला जन्मलेल्या या लेखकाने आपल्याला फुरसुंगीचा बनेश फेणे दिला. काटकुळा, सायकलवर सुसाट सुटणारा, 'ट्टॉक्' करणारा फास्टर फेणे! ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या त्याही त्यांनीच. या लेखकाने 1951 मध्ये 'बालमित्र' हे मासिक सुरू केलं. मुलांसाठी सातत्याने लिहायचं तर दर महिन्याला ते छापणारं आणि वाचणारं कुणीतरी लागतं. वा. गो. आपट्यांनी 1906 मध्ये 'आनंद' काढला, त्यामागचीही गरज हीच. लेखक अशा मासिकांतूनच घडतो. भागवत 2001 मध्ये गेले, आणि 2017 मध्ये फेणे मोठ्या पडद्यावर आला. इतकं दीर्घायुष्य मोठ्यांच्या कादंबऱ्यांतल्या किती नायकांना लाभतं?

आज नव्याने लिहिणाऱ्याचा हिशेब साधा आहे. साठ रुपयांचं पुस्तक, हजार प्रतींची आवृत्ती आणि दहा टक्के मानधन धरा. सगळ्या प्रती खपल्या तर हाती सहा हजार रुपये येतात, तेही कधी दोन-तीन वर्षांनी. त्यातच चित्रकाराचाही वाटा असतो, आणि असायलाच हवा. लहान मुलांच्या पुस्तकात निम्मी गोष्ट चित्रच सांगतं. मग लिहिणारी माणसं शिकवण्या घेतात, भाषांतरं करतात, बँकेत नोकरी करतात आणि रात्री जागून लिहितात. साहित्य अकादमी 2010 पासून बालसाहित्य पुरस्कार देते, हे चांगलंच आहे. पण त्याची रक्कम पन्नास हजार आणि मोठ्यांच्या साहित्याला एक लाख. मुलांसाठी लिहिणं निम्म्या मोलाचं आहे, असं मी तरी कधीच मान्य करणार नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, असं लिहिलं आहे. त्यात गोष्टींची पुस्तकं आणि नियतकालिकंही हवीत, असंही लिहिलं आहे. समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. मागे एका शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत लोखंडी कपाट पाहिलं. कुलूप लावलेलं. काचेतून आतली पुस्तकं दिसत होती, कोरी करकरीत, काहींवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. "मुलं फाडतात," असं कारण मिळालं. फाटू द्यात ना! मुलांचं पुस्तक वाचून वाचूनच फाटतं. फाटलं की नवं घेता येईल, अशी सोय मात्र आपणच करू शकता.

म्हणून विनंती आहे. या अनुदानातली पुस्तकं वरून एकगठ्ठा येऊ नयेत. शिक्षकांनी आणि मुलांनी ती स्वतः पाहून, चाळून निवडावीत. खरेदी दरवर्षी ठरल्या महिन्यात व्हावी आणि प्रकाशकाचं बिल रखडू नये. लेखक आणि चित्रकाराचं मानधन चुकतं केल्याचा पुरावा देणाऱ्या प्रकाशकाचीच पुस्तकं खरेदीला पात्र धरावीत. एवढी एकच अट घातली तरी कितीतरी घरांत फरक पडेल. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतं आहे. ते जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत दरमहा पोचावं, आणि त्यातली काही पानं दर अंकात नव्या लेखकांसाठी राखून ठेवावीत.

मराठीला 2024 मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्हा सगळ्यांना मनापासून आनंद झाला. आता या मागण्यांसाठी येत्या अर्थसंकल्पात किती तरतूद होणार, ते आपण सभागृहात सांगावं. मी त्या उत्तराची वाट पाहते आहे.

आपली नम्र,
एक बालसाहित्य लेखिका, पुणे