युनिफॉर्म दिसला की बस थांबत नाही

प्रति,
ऑपरेशन्स मॅनेजर,
भाड्याच्या बस चालवणारी कंत्राटदार कंपनी, मुंबई

विषय : कन्नमवार नगर ते घाटकोपर, सकाळच्या बस शाळेच्या मुलांसाठी स्टॉपवर न थांबण्याबाबत

नमस्कार,

तुमच्या ऑफिसात फोन केला तर सांगण्यात आलं की मॅडम, तुम्ही आमच्या कस्टमर नाही, आमचं अ‍ॅग्रीमेंट बेस्टशी आहे, काय ते तिकडे बोला. तिकडे कळवलंय. पण गाडी तुमची, ड्रायव्हर तुमचा, मेंटेनन्स तुमचा, आणि त्या गाडीत रोज चढायची धडपड करते ती माझी मुलगी, तेव्हा हे पत्र तुम्हालाच आहे.

मुलगी नववीत आहे, शाळा सकाळी सातची. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं, लहानांची झोप व्हावी म्हणून, चांगलंच केलं, पण हायस्कूलवाल्यांना झोप लागत नाही असं बहुतेक समजतात, त्यामुळे ही पोरं अंधारात उठून साडेसहाच्या आधी स्टॉपवर हजर. ट्रेनने जा म्हणाल, तर विक्रोळी स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, मग लोकलमध्ये ते दप्तर घेऊन घुसायचं आणि एका स्टेशनवर परत उतरायचं, त्यापेक्षा हायवेने सरळ जाणारी बस बरी म्हणून आम्ही सगळ्यांनी पास काढलेत.

आता होतं काय की तुमची मिडी बस येते, लांबून स्लो होते, ड्रायव्हर बघतो की स्टॉपवर सगळे युनिफॉर्मच आहेत, आणि गाडी तशीच पुढे काढतो. आतला कोणी उतरणारा असला तर स्टॉप सोडून पार पुढे थांबवतो, मग पोरं दप्तरं सांभाळत पळत सुटतात, पुढची दोन-चार चढतात आणि दरवाजा बंद. मागच्या आठवड्यात मी स्वतः सोडायला गेले होते. माझ्या डोळ्यासमोर सातवी-आठवीतली एक मुलगी चढली, ती आत आणि तिच्या दप्तराचा पट्टा दरवाजात अडकून बाहेर, आणि गाडी हलली सुद्धा. आतल्या लोकांनी आरडाओरडा केला, एका काकांनी पत्र्यावर दणादण हात मारले तेव्हा ब्रेक लागला. ड्रायव्हर वर तिलाच म्हणतो, "घाई कशाला करतेस!" घाई कोण करत होतं ते सगळ्या स्टॉपने बघितलंय.

आधी गाडीत कंडक्टर असायचा. तो ओरडायचा, पुढे सरका म्हणायचा, पण शेवटचं पोर आत आल्याशिवाय डबल बेल द्यायचा नाही. आता आमच्या गाडीत कंडक्टरच नसतो, तिकिटं खाली स्टॉपवर फाडली जातात, म्हणजे मागच्या दारात काय चाललंय हे बघणारं कोणी नाही, ड्रायव्हरने आरशात बघितलं तर बघितलं.

आणि थांबत का नाहीत तेही आम्हाला कळतं हो. तुम्हाला पैसे किलोमीटरवर मिळतात, माणसांवर नाही. गाडी भरून गेली काय आणि रिकामी गेली काय, तुमचं बिल तेवढंच, मग पासवाली पंचवीस-तीस पोरं चढवायला वेळ कोण घालवणार. ड्रायव्हर लोकांवर माझा राग नाही, ऑगस्ट 2023 मध्ये पगारासाठी त्यांनी संप केला तेव्हा मुंबईचे हाल झाले तरी आम्ही त्यांचीच बाजू घेत होतो. पण त्यांना वेळेवर फेरी मारायचं प्रेशर तुम्हीच देता ना?

बरं, बस चुकली की खर्च कोणाला? रिक्षाचं मीटरच 26 रुपयांपासून सुरू होतं. मे 2025 मध्ये बसचं कमीत कमी भाडं 5 चं 10 झालं, एसीचं 6 चं 12, तेही आम्ही कुरकुर करत का होईना मान्य केलं, कारण प्रायव्हेट स्कूल बस परवडत नाही. त्या पिवळ्या बसला 2011 चे नियम आहेत, अटेंडंट पाहिजे, मुली असतील तर बाई पाहिजे, स्पीड गव्हर्नर, फर्स्ट एड बॉक्स, शाळेची परिवहन कमिटी. तीच मुलं पब्लिक बसमध्ये चढली की यातलं काही नाही. आम्ही ते मागतही नाही, फक्त स्टॉपवर पूर्ण थांबा एवढंच म्हणतोय.

तर करायचं काय ते लिहिते. सकाळी साडेसहा ते सात आणि दुपारी शाळा सुटते त्या वेळेला गाडी स्टॉपच्या खांबापाशीच थांबली पाहिजे, सगळी चढल्यावरच दरवाजा बंद, हे ड्रायव्हरना लेखी द्या आणि त्याची कॉपी मला पाठवा. तो दरवाजा चेक करून घ्या, मध्ये काही अडकलं की गाडी हलायलाच नको. मिडीच्या ऐवजी त्या वेळेला मोठी गाडी लावता येत असेल तर बेस्टशी तुम्हीच बोला, तुमचं अ‍ॅग्रीमेंट आहे म्हणता ना. आणि गाडी बंद पडली तर बदली गाडी पाठवा, अ‍ॅपवर बस येताना दिसते आणि मध्येच गायब होते, पोरं तिथे वाट बघत राहतात.

दुपारच्या फेरीत मोठी मुलं दारात लटकून मस्ती करतात ही तुमच्या ड्रायव्हरची तक्रार खरी आहे, त्याबद्दल आम्ही पालक शाळेशी बोलतोय, ते आमच्याकडे लागलं.

गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि अडकलेल्या दप्तराचा फोटो सोबत जोडलाय. स्टॉपवरच्या बाकी पालकांच्या सह्याही आहेत. आठ दिवसांत लेखी उत्तर द्या, नाहीतर हाच कागद परिवहन आयुक्तांकडे जाईल.

एक पालक,
कन्नमवार नगर, विक्रोळी पूर्व