दोरा तुटला की माग थांबला पाहिजे

कारिया, आइची प्रांत, जपान

चि. बाळ्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू जे बोललास ते डोक्यातून जात नाही. तू शिफ्ट इन्चार्ज झालास, आईने गल्लीत पेढे वाटले, हे सगळं ऐकून मन भरून आलं. पण लगेच तू म्हणालास की ऑपरेटर रिजेक्शनचा, म्हणजे नापास पिसांचा, आकडा खरा लिहीत नाहीत, आणि वरचे साहेब म्हणतात, "महिनाअखेरीला आकडा चांगला दिसला पाहिजे, कसा ते तू बघ." तेव्हा तुझ्या आजूबाजूला माणसं होती म्हणून मी विषय वाढवला नाही. आता सविस्तर लिहिते. आई-बाबांनाही वाचून दाखव. यातलं बरंचसं बाबांना माझ्याहून जास्त कळतं.

नागोयात टोयोटाचं उद्योग-संग्रहालय आहे. ज्याच्या आडनावावरून टोयोटाचं नाव आलं त्या साकिची तोयोदाच्या जुन्या कापड गिरणीच्या लाल विटांच्या इमारतीत ते १९९४ साली सुरू झालं. लोक मोटारी बघायला जातात, मी मात्र मागांपाशीच रेंगाळले. साकिची हा सुताराचा मुलगा. त्याचा १९२४ सालचा स्वयंचलित माग तिथे मांडलेला आहे. या मागात प्रत्येक उभ्या दोऱ्यावर धातूची एक पातळ पट्टी लटकलेली असते. माग दाखवणाऱ्या बाईंनी चालू मागावरचा एक दोरा तोडला, त्या दोऱ्यावरची पट्टी खाली पडली आणि माग जागच्या जागी थांबला. कापडावर एक रेघसुद्धा उमटली नाही. १९२९ मध्ये लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्सने, म्हणजे जगाला कापड यंत्रं विकणाऱ्या कंपनीने, या मागाचे हक्क तोयोदांकडून विकत घेतले.

आता आपल्या इचलकरंजीत बाबा कामाला होते तो कारखाना आठव. त्या मागांना असली पट्टी नव्हती. एका कामगाराकडे चार-चार माग, कानाला दडे बसवणारा आवाज आणि मजुरी मीटरवर. दोरा तुटलेला दिसला नाही तर कापडात लांबच लांब दोष जायचा आणि ताका तपासताना दिवाणजीला तो सापडला की मजुरीतून पैसे कापले जायचे. मग कामगार काय करणार? दोष घडीच्या आत जाईल अशी ताक्याची घडी घालायचा. ती माणसं खोटी नव्हती. खरं बोललं की संध्याकाळी हातात कमी पैसे पडायचे, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

बाबा तिथे जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे मुकादम, होते. तरी बिघाड झाला की कामगार त्यांना हाक मारायचे, लपवायचे नाहीत, हे मी लहानपणी डबा घेऊन जायचे तेव्हा पाहिलंय. बाबा आधी माग बघायचे, धोट्याची पेटी हाताने चाचपायचे, कुठला भाग झिजलाय ते शोधायचे. मग स्वतः दिवाणजीकडे जाऊन सांगायचे, "माग बिघडला होता, पोराचे पैसे कापू नका." दिवाणजी त्यांनाच चार शब्द सुनवायचा. ते ऐकून घेऊन बाबा परत येत आणि कामगाराला त्यातलं काहीही सांगत नसत. पुढारीपण म्हणजे काय हे मी पुस्तकात बरंच वाचलं, पण मनात ठसलं ते हे.

इथे आमच्या कारखान्यात लाइनवर डोक्यावरून एक दोरी गेलेली असते. शंका आली तर कुणीही ती ओढायची. बोर्डावर दिवा लागतो, धून वाजते, आणि हान्चो, म्हणजे आपल्याकडचा लाइन लीडर, धावत येतो. ठरलेल्या जागेपर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. मध्यंतरी एक नवा ब्राझिलियन मुलगा होता, मुदतीच्या करारावरचा. एक क्लिप नीट बसली की नाही अशी त्याला शंका आली. त्याने दोरी ओढली, लाइन थांबली. हान्चोने येऊन आधी त्याचे आभार मानले, मग क्लिप ओढून पाहिली. ती व्यवस्थित बसलेली होती. पोराचा चेहरा उतरला. हान्चो म्हणाला, "जाड हातमोज्यातून कळत नाही, मलाही कळलं नसतं. परत शंका आली तर परत ओढ." आणि गेला. ना कपाळावर आठी, ना घड्याळाकडे नजर. मी शेजारीच उभी होते. बाळ्या, मला वाटतं त्या पोराचा खरेपणा त्या क्षणी पक्का झाला. तिथे हान्चो नुसता "च्च" म्हणाला असता तरी पुढची दहा वर्षं त्या हाताने दोरी ओढली नसती.

तू म्हणशील, जपानी माणसंच शिस्तीची, आपल्याकडे हे चालायचं नाही. हे मला पटत नाही. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, भांडणं, दारू, सगळ्यासाठी बदनाम. लाइन काही झालं तरी थांबवायची नाही, सदोष गाड्या नंतर बाजूला काढून दुरुस्त करायच्या, अशी तिथली रीत. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तिथेच नवी कंपनी सुरू केली आणि बहुतेक जुनेच कामगार परत घेतले. त्याच लोकांच्या हाती दोरी दिली, ओढली तर कुणी ओरडत नाही हे त्यांना दिसलं, आणि थोड्याच काळात तिथल्या गाड्या चांगल्या म्हणून नावाजल्या गेल्या. माणसं तीच होती, त्यांच्यावरचे साहेब बदलले होते.

आणि इथेही सगळं सोनं नाही, हेही सांगते. दाइहात्सू ही पूर्णपणे टोयोटाच्या मालकीची कंपनी. डिसेंबर २०२३ मध्ये तिच्यावरच्या चौकशी समितीचा अहवाल आला: ६४ मॉडेलांच्या चाचण्यांत गैरप्रकार, त्यातला सगळ्यात जुना १९८९ चा. धडकेच्या एका चाचणीत एअरबॅग सेन्सरने उघडायची, ती यांनी टायमर लावून उघडली. कारण काय, तर नवी गाडी बाजारात आणायच्या तारखा इतक्या आवळलेल्या की "जमणार नाही" असं वर सांगायची सोयच उरली नव्हती. पुढच्याच महिन्यात टोयोटा इंडस्ट्रीजचं उघडकीला आलं. डिझेल इंजिनांची ताकद मोजताना, आकडे एकसारखे दिसावेत म्हणून, विक्रीच्या गाडीत असतं त्याहून वेगळं सॉफ्टवेअर वापरलं होतं. त्यामुळे आपल्याकडेही फॉर्च्युनर आणि इनोव्हा क्रिस्टाची पाठवणी काही दिवस थांबली होती. ही कंपनी साकिचीने १९२६ मध्ये तोच माग बनवायला काढलेली. तिचं मुख्य कार्यालय मी राहते त्याच कारियात आहे. ती बातमी वाचून मला फार वाईट वाटलं होतं. कारखान्यात दोरी लटकत होती, पण कागदावर काम करणाऱ्या इंजिनिअरच्या डोक्यावर दोरी नव्हती आणि त्याने हाक मारली असती तर कुणी आलं असतं याची त्याला खात्री नव्हती. म्हणजे आजोबांनी कमावलेला चांगुलपणा नातवाला आयता मिळत नाही, कंपनीतही नाही आणि घरातही नाही.

तर तू काय करावंस? माझ्या मते आधी तुझ्या शिफ्टमधल्या कंत्राटी पोरांकडे बघ. कामात ब्रेक देऊन घरी बसवतील, उद्या गेटवरून परत पाठवतील, या भीतीत जगणारं पोरगं खराब पीस दाखवेल कशाला? तो घेऊन आला की मोबाइल खिशात घाल, त्याच्यासोबत मशिनपर्यंत चालत जा. "कुणी केलं?" हे विचारूच नको, "काय दिसलं?" विचार. पहिल्या आठवड्यात रिजेक्शनचा आकडा वाढलेला दिसेल. तो वाढला तर घाबरू नको, आजवर लपलेलं बाहेर येतंय असं समज. आणि त्या पोराचं नाव साहेबांपर्यंत चुकीच्या यादीत जाऊ देऊ नको. तिथे तुझं नाव घाल, इन्चार्ज तू आहेस.

साहेबांचं जरा अवघड आहे. त्यांना चारचौघांत बोलू नको, त्यांनाही वरून दट्ट्या असणार. केबिनमध्ये एकटे असताना खरा आकडा आणि तो कशामुळे आला याचा कागद पुढे ठेव, कुठलं मशिन, पार्ट धरून ठेवणारा कुठला फिक्स्चर झिजलाय. नुसतं "मी खोटं लिहिणार नाही" म्हटलं की वाद होतो, दुरुस्तीचा मार्ग हातात दिला की बहुतेक माणसं ऐकतात. तरी नाही ऐकलं तर रजिस्टरमध्ये खराच आकडा लिही आणि खाली सही कर. तुमच्या लाइनवरून ब्रेकचे पार्ट निघतात, बाळ्या. कात्रज घाट उतरणाऱ्या गाडीत कुणाची पोरं बसलेली असतील.

याची किंमत पडू शकते. इन्क्रिमेंट अडेल, कदाचित नोकरीवरही येईल. तसं होणारच नाही असं खोटं आश्वासन मी देत नाही. पण घराच्या हप्त्याची चिंता तू करू नकोस. वेळ आलीच तर दुसरी नोकरी लागेपर्यंत तो मी भरेन. बाबांशी माझं हे बोलणं झालंय, ते काही बोलले नाहीत, फक्त "त्याला लवकर कळव" म्हणाले.

साहेबांना भेटलास की त्याच रात्री फोन कर. इथे उशीर झालेला असला तरी मी जागी असेन.

तुझी,
ताई