आवाजातले फर्नांदो रे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘द फ्रेंच कनेक्शन’ या अमेरिकन चित्रपटावरचा लेख आवडला. पण त्यातले स्पॅनिश अभिनेते फर्नांदो रे यांचा उल्लेख ‘भुयारी रेल्वेतून हात हलवणारा खलनायक’ एवढ्यावरच आटोपलेला पाहून वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

रे यांचा जन्म 1917 चा, स्पेनमधल्या ला कोरुन्याचा. शिकत होते आर्किटेक्चर. स्पेनच्या यादवी युद्धात ते शिक्षण सुटलं. ते आणि त्यांचे लष्करी अधिकारी वडील, दोघेही प्रजासत्ताकाच्या, म्हणजे हरलेल्या बाजूचे. युद्ध जिंकलेल्या हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने 1941 मध्ये परदेशी चित्रपट स्पॅनिशमध्ये डब करणं सक्तीचं केलं. त्या काळात रे यांना पोटापाण्यासाठी डबिंगचा मोठा आधार झाला. इंग्रज अभिनेते लॉरेन्स ऑलिव्हिए यांचा पडद्यावरचा हॅम्लेट स्पॅनिशमध्ये बोलला तो त्यांच्याच आवाजात.

पण मला त्यांचं सर्वांत प्रिय काम म्हणजे दिग्दर्शक बेर्लांगांचा ‘बिएनवेनिदो मिस्टर मार्शल’ (1953). अमेरिकन मदतीच्या आशेने मध्य स्पेनमधलं एक गरीब कास्तिलियन खेडं दक्षिणेकडच्या अंदालुसियाचं सोंग घेतं, नटतं, आणि पाहुण्यांच्या गाड्या न थांबता धुरळा उडवत निघून जातात. रे पडद्यावर कुठेच नाहीत, फक्त निवेदन त्यांचं. गोष्टीवेल्हाळ आजोबांसारखं ते गाव दाखवतात, मध्येच चित्र थांबवून एकेका माणसाची ओळख करून देतात. त्या आवाजात गावाबद्दल इतकी माया आहे की गावकऱ्यांच्या भाबडेपणाला हसताना आपलाच घसा दाटून येतो.

पुढे दिग्दर्शक बुन्युएल यांनी ‘विरिदियाना’पासून त्यांना चार चित्रपटांत घेतलं आणि जगाला त्यांचा चेहरा कळला. 1977 साल मात्र विलक्षण. दिग्दर्शक साउरांच्या ‘एलिसा, विदा मिआ’साठी त्यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. त्यात मुलीचं मनोगत बापाच्या, म्हणजे रे यांच्या, आवाजात ऐकू येतं. त्याच वर्षी बुन्युएलच्या अखेरच्या चित्रपटात नायक रे, पण फ्रेंच संवादांचा आवाज फ्रेंच अभिनेते मिशेल पिकोलींचा. ज्यांनी इतरांना आवाज दिला, त्यांच्याच तोंडी दुसऱ्याचा आवाज! हे मला अजूनही पचत नाही.

1994 मध्ये ते गेले. त्याच्या काहीच वर्षं आधी दूरचित्रवाणीवर त्यांनी डॉन किहोते (डॉन क्विक्झोट) साकारला होता.

पुरवणीत त्यांच्यावर स्वतंत्र लेख यावा, ही विनंती. आणि वाचकांना ‘मिस्टर मार्शल’ पाहायला मिळालाच, तर सुरुवातीची पाच मिनिटं सबटायटल्सकडे न बघता नुसती ऐकावीत.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे