तांबू गायीची पत्रं वाचवायचीत, हातभार लावा (आवाहन)

सप्रेम नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी याच पत्रांसाठी ग्रुपवर मेसेज टाकला होता, त्याला ४३ अंगठे आले आणि पैसे दिले दोघांनी. जत्रेच्या डीजेची वर्गणी मात्र एका संध्याकाळी गोळा झाली. असो, राग नाही, पण पुन्हा लिहायची वेळ आली कारण आता कपाटात कसर शिरलीय आणि परवा दोन पत्रं घडी उलगडतानाच फाटली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (आहे कोण म्हणा), वरच्या आळीतल्या आजींच्या ट्रंकेतली ही ३७ पत्रं त्यांच्या नातीने आपल्या वाचनालयाला दिली. आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, १९४४ साली इटलीत. टायबर नदीच्या खोऱ्यात होतो एवढं त्यांनी घरी आल्यावर सांगितलं, पत्रात गावाचं नाव नाही, जिथे लिहिलं होतं तिथे सेन्सॉरने ब्लेडने कापून कागदाला खिडकी पाडलीय. लढाईचं अक्षर नाही, सगळी शेतीच. इथले बैल पांढरेशुभ्र आणि आपल्या खिल्लारापेक्षा थोराड, द्राक्षाचे वेल झाडांवर चढवतात, असलं सगळं.

आजींना लिहिता वाचता येत नव्हतं. पत्र आलं की गुरुजी ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे, ऐकायला सासू-सासरे, दीर आणि निम्मी आळी. बायकोला काय लिहिणार तिथे? म्हणून शेवटी प्रत्येक वेळी चौकशी, तांबू गाय चारा खाते का, रात्री नीट बसते का, तिला कुणी मारू नका, येताना तिला घुंगरं आणतो. सासरे म्हणायचे पोरगं लढाईत खुळं झालं, तांबू तर भरती व्हायच्या आधीच विकली की. गुरुजी तेवढी ओळ जरा हळू वाचायचे आणि आजी चुलीकडे तोंड करून बसायच्या. हे आजींनी नातीला सांगितलं ते नव्वदीत, तेही हसू दाबत.

त्याच खोऱ्यात १० जुलै १९४४ ला माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे मशिनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेले, ठाणं घेतलं आणि तिथेच पडले, वय २२, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. तिथल्या मोन्तोने गावात त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ २०२३ मध्ये उभं राहिलं. सातासमुद्रापलीकडचं गाव एवढं करतं आणि आपल्याकडे साधं कपाट होत नाही, हे मला लागतं, खोटं कशाला बोलू.

पण देणारे आहेत, त्यांचं नाव घेऊ नका म्हणून त्यांनीच बजावलंय. गिरणीतून रिटायर होऊन आलेल्या आपल्या दादांनी फंडाच्या पैशातून वाचनालयाची पहिली दोन कपाटं दिली, वर दर शनिवारी येऊन स्वतः पुसायचे, शेवटच्या आजारपणातसुद्धा किल्ली कुठे ठेवलीय विचारत होते. वाड्यातल्या काकूंनी भिशीची पूर्ण रक्कम छपरासाठी दिली म्हणून २०१९ च्या पावसात एक पुस्तक भिजलं नाही. आणि साताऱ्याहून येणारे आपले मोडीवाले सर, ७८ वय, एसटीने येतात, चहाशिवाय काही घेत नाहीत, पत्रं सगळी मोडीत आहेत ना, त्यांनी आतापर्यंत १४ वाचून देवनागरीत उतरवली. उरलेली २३ त्यांचे डोळे साथ देतायत तोवर व्हायला हवीत, दुसरं कोण वाचणार?

तर खर्च: स्कॅनिंग, ॲसिड-फ्री फोल्डर, एक स्टीलचं कपाट, सरांचा प्रवास (आता तरी देऊया) मिळून ६२,००० रुपये, जमा ११,५००. खाते नंबर आणि क्यूआर वाचनालयाच्या फलकावर लावलाय, रोख दिलीत तर पावती घ्याच, मुंबई-पुणेवाल्यांनी मला फोन करा नंबर आहेच तुमच्याकडे, दसऱ्याच्या आत द्या म्हणजे दिवाळीला पोरं घरी येतील तेव्हा पत्रं लावून दाखवता येतील. पैसे नसतील तर रविवारी १० ते १२ हात चालवायला या, फक्त हात धुऊन कोरडे करून, तंबाखू बाहेर.

आणि कुणाच्या माळ्यावर अशी पत्रं, पगाराची बुकं, मेडलं असतील तर आहेत तशी आणा. एकाने मागे प्रेमाने लॅमिनेशन करून आणलं, तो कागद आता कायमचा गेला.

आपला,
सचिव
(घाईत लिहिलंय, चूकभूल द्यावी घ्यावी)